अक्काचं वर्ष आणि दोन इंजेक्शनं

१४ जुलै २०१०, बुधवार

सकाळी ऑफिस. एम.कॉम.च्या फेरतपासणीचे गठ्ठे आले, ते क्रमाने लावले. पाच वाजता शिपाई मारुतीला थांबवून घेतलं आणि रद्दीच्या काट्यावर उभा राहिलो. जुन्या उत्तरपत्रिका विकताना वापरतात तो काटा. घरचा एकशेवीसच्या पुढे जात नाही. मारुतीनं वजनं चढवली, उतरवली, पुन्हा चढवली. एकशे छत्तीस किलो.

"गेल्या वर्षीचं बी.ए. पार्ट टू इंग्लिश एवढंच भरलं होतं साहेब," मारुती म्हणाला. "इतिहास धरून."

हुबळीच्या हॉस्पिटलचं पत्र आलंय. पोट लहान करायच्या ऑपरेशनची यादी पुन्हा सुरू झाली, २४ ला या. पाकिटावर दोन नावं — विमला आणि दत्तात्रेय. गेल्या वर्षी जूनमध्ये अक्कानंच दोघांची नोंदवली होती. "एकदमच करून घेऊ. शेजारी शेजारी खाट. दोघांत मिळून एक पेज!" मग फ्लूची साथ आली. ऑपरेशन राहिलं. अक्काही राहिली नाही.

संध्याकाळी घरी. भात, गवारीची भाजी, ताक. दोन ताटं.

१५ जुलै

काही विशेष नाही.

२४ जुलै, शनिवार

हुबळीला गेलो. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "अण्णा, एक तिकीट का दोन?" मागचे हसले. अक्का बरोबर असायची तेव्हा आम्ही दोघं तिघांच्या बाकावर बसायचो आणि कुणी बोललं तर ती म्हणायची, "बाकाला विचारा, त्याची तक्रार आहे का!" मी एक तिकीट घेतलं आणि खिडकीबाहेर पाहत बसलो.

हॉस्पिटलात मेधा म्हणून नवी मुलगी आहे. आहार ती बघते. पंचविशीची असेल, हुबळीच्या पेठेतली, मराठी बोलते. मला काका म्हणते. फाइल उघडून म्हणाली, "आणि ताई? विमलाताई नाही आल्या?"

मी म्हणालो, "घरी आहे."

"बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे."

का म्हणालो कोण जाणे! 'घरी आहे' इतकं तर खरंच होतं — फोटो घरीच आहे. पुढचं मात्र खोटं. दुरुस्त करायला तोंड उघडलं तोवर मेधा दोन्ही फाइलींत लिहायला लागली होती. लिहिणाऱ्याला मला थांबवता येत नाही.

ऑपरेशन २० सप्टेंबरला, सोमवारी. सर्जन बंगळूरहून येतात, तीन महिन्यांतून एकदाच. मेधानं तीन गोष्टी सांगितल्या. दर शनिवारी फोनवर वजन कळवायचं. सहा सप्टेंबरपासून जेवण बंद, फक्त डब्यातली पावडर. आणि फ्लूची लस.

"ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी तरी टोचलेली पाहिजे काका. म्हणजे उशिरात उशिरा सहा सप्टेंबर. नाहीतर सर्जन हात लावत नाहीत. गेल्या वर्षी इथे काय झालं ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मी म्हणालो.

"अंड्यातून तयार करतात ही लस. तुम्हाला अंड्याची ॲलर्जी वगैरे?"

"आम्ही खात नाही."

"ताई?"

"तीही खात नाही."

हेही खरंच.

पावडरचे दोन डबे, दोन तक्ते, लसीच्या दोन चिठ्ठ्या घेऊन आलो. पिशवी जड होती.

३१ जुलै, शनिवार

मेधाचा फोन. मी एकशे छत्तीस. "आणि ताई?" अक्काचं शेवटचं वजन फाइलीत एकशे अठरा आहे. मी म्हणालो, एकशे सोळा.

"अरे वा! दोन किलो कमी! काय करतात त्या?"

"फार खात नाही," मी म्हणालो.

इंजेक्शन घेतलं का विचारलं. दवाखाना बंद होता म्हणालो. बंद नव्हता. आमच्या गल्लीच्या टोकालाच आहे, मी समोरून दोनदा गेलो.

इथे लिहायला हरकत नाही. मी अजून दोघांचा स्वयंपाक करतो. दोन वाट्या तांदूळ. ठरवून नाही, हात तेवढेच घेतो. मग अक्काचं ताट वाढतो. मग ते टाकवत नाही, म्हणून मीच खातो. तेव्हा माझं वजन वाढतं आणि तिचं कमी होतं, यात हिशेबाची चूक काहीच नाही.

७ ऑगस्ट, शनिवार

मी एकशे सदतीस. अक्का एकशे चौदा.

मेधा म्हणाली, "ताईंकडून शिका काका. एकाच घरात राहता, एकच स्वयंपाक, मग असं कसं?"

अक्का असती तर हे वाक्य तिनं फळ्यावर लिहून ठेवलं असतं. बत्तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं, पण शाबासकी कधी कुणी तिच्या वजनाला दिली नाही.

इंजेक्शन? सर्दी झालीय म्हणालो. "मग सर्दी उतरली की लगेच!" सर्दी नाही.

१० ऑगस्ट

गेल्या वर्षीची डायरी काढून पाहिली. १० ऑगस्टला लिहिलंय — 'ताप. पेपर तपासणीच्या कॅम्पात सगळेच शिंकत होते. अक्कानं पेज केली. रात्रभर बसली.' पुढे १३ ला — 'ताप उतरला. अक्काला कणकण.' त्यापुढची पानं कोरी.

ताप मी आणला. मी उठलो. ती गेली. तेव्हा लस नव्हती. आता आहे, गल्लीच्या टोकाला. तिला मिळाली नाही ती मी दंड पुढे करून घ्यायची!

मेधाला हे कसं सांगणार? सर्दी सांगणं सोपं.

१८ ऑगस्ट, बुधवार

आज वर्ष झालं. रजा टाकली. सकाळी आंघोळ करून बाळाचार्यांकडे गेलो. अक्काचे बारा दिवस, दर महिन्याचं मासिक, सगळं तेच करतात. बहात्तर वर्षांचे आहेत, ओसरीवर पेपर वाचत होते.

"काय दत्तू, आज सकाळीच?"

"आज अक्काचं वर्षश्राद्ध ना?"

त्यांनी चष्मा काढला. "आज कुठलं?"

"आज अठरा ऑगस्ट."

"अठरा ऑगस्ट तुझ्या ऑफिसात. यंदा अधिक वैशाख होता. जास्तीचं मासिक केलं ते विसरलास? श्रावण वद्य त्रयोदशी येते सहा सप्टेंबरला. तुझ्या अक्काचं वर्ष यंदा तेरा महिन्यांचं."

तेरा महिन्यांचं वर्ष! अक्कानं वहीवर लाल रेघ मारली असती. पण पंचांगापुढे तीही गप्प बसायची.

चहा दिला. घरी परत आलो. रजा फुकट गेली. वर्ष झालं आणि झालं नाही. दिवसभर काय करावं कळेना. चिवडा खाल्ला.

आता पाहतो तर सहा सप्टेंबर म्हणजे पावडर सुरू करायची तीच तारीख. आणि इंजेक्शनचीही शेवटची.

२१ ऑगस्ट, शनिवार

मी एकशे अडतीस, अक्का एकशे बारा. मेधा म्हणाली हॉस्पिटलच्या फलकावर ताईंचा तक्ता लावायचा विचार आहे, इतरांना हुरूप येईल. मी म्हणालो तिला असलं आवडत नाही. आवडलं असतं.

सुभाष रोडला जाऊन चिठ्ठ्या दाखवल्या. दुकानदारानं दोन इंजेक्शनं बर्फात घालून दिली. नुसतं 'एकच' म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण चिठ्ठ्या दोन होत्या आणि त्यानं मोजून दोन ठेवली. आता फ्रिजमध्ये दह्याशेजारी आहेत. दही घ्यायला हात घातला की काळजी वाटते. पुढची आहे ती माझी, मागची अक्काची. असं कुणी ठरवलेलं नाही. मीच ठेवताना ठरवलं असणार.

२८ ऑगस्ट, शनिवार

एकशे अडतीस, एकशे दहा.

"ताईंना फोन द्या ना. एकदा तरी बोलते."

"झोपली आहे."

"सकाळी अकराला?"

उत्तराची वाट न पाहता ती म्हणाली, "काका, तुम्ही दोघंही लस टाळताय. मला कळतं. आमच्या पार्वती सिस्टर तुमच्याच गावात, केलगेरीला राहतात. सहा तारखेला ड्युटीवर येता येता तुमच्या घरी येतील, साडेबाराला. दोघांनाही टोचतील. औषध घरात आहे ना? मग झालं तर! सहाला नाही झालं तर दोघांची नावं डिसेंबरच्या यादीत. आणि डिसेंबरात परत हेच."

मी 'बरं' म्हणालो. माझं हे जन्मभराचं आहे. नको असलं की 'बरं' म्हणतो. अक्का म्हणायची, "पूर्ण वाक्यात बोल, दत्तू. बरं म्हणजे काय? काय बरं? कुणाला बरं?"

२९ ऑगस्ट, रविवार

सहीचा कागद वाचला. ऑपरेशनमध्ये काय काय होऊ शकतं ते लिहिलंय. भुलीतून शुद्धीवर न येण्याची शक्यता, हजारात अमुक. ते वाक्य वाचून बरं वाटलं.

हे कुणाला सांगायचं नाही. या पानाला सांगितलं, झालं.

५ सप्टेंबर, रविवार

संध्याकाळी बाळाचार्य उद्याची तयारी बघायला आले. बरोबर मुलगा वादिराज. उद्या मंत्र तो सांगणार. बाळाचार्य स्वतः अक्काच्या जागी जेवायला बसणार, कारण हल्ली श्राद्धाला जेवणारे मिळत नाहीत. "सगळ्यांना शुगर," ते म्हणाले. देवांच्या जागी नुसता दर्भ ठेवायचा.

मी विचारलं, "उद्या इंजेक्शन घेतलं तर चालेल का?"

त्यांनी बोटं मोजली. श्राद्ध करणाऱ्याला त्या दिवशी सात गोष्टी वर्ज्य. त्यात औषध आलं. दुसऱ्याचं अन्न आलं. आणि उपास करणंही आलं — श्राद्ध करणाऱ्यानं त्या स्वयंपाकातलं जेवलंच पाहिजे.

मग मी पावडरचा डबा दाखवला. उद्यापासून एवढंच, म्हणालो. त्यांनी डबा उजेडात धरला. वादिराजनं वाचून दाखवलं. त्यावर चॉकलेटचं चित्र आहे.

"औषधाला चॉकलेट कशाला घालतील?" बाळाचार्य म्हणाले. "हे अन्न."

"पण हॉस्पिटलनं दिलंय," वादिराज म्हणाला. "म्हणजे परान्न."

"पैसे दिलेस का रे दत्तू?"

"बिलात आहेत."

"मग तुझंच. पण त्याच्या आधी श्राद्धाचं पान समोर घे आणि प्रत्येक पदार्थाचा वास घे. एकादशीला श्राद्ध आलं की आपण तेच करतो. वास घेतला म्हणजे जेवल्याप्रमाणे."

मी मेधाला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "वासाला कॅलरी नसतात काका. पण फार वेळ घेऊ नका."

इंजेक्शनाचं राहिलं. बाळाचार्यांनी बराच विचार केला. सुपारी कातरली, खाल्ली नाही, परत डबीत ठेवली.

"तुला फ्लू झालाय का?"

"नाही."

"मग औषध कसं? औषध रोग झालेल्याला. हे म्हणजे घराला कुलूप लावल्यासारखं. सातांत कुलूप येत नाही."

वादिराज म्हणाला, "अप्पा, तुम्हाला हवं तसं तुम्ही लावता."

"साठ वर्षं तेच करतोय! म्हणून लोकांची श्राद्धं होतात."

पार्वती सिस्टर दोघांना टोचायला येणार आहेत, ते मी त्यांना सांगितलं नाही. सिस्टरना परस्पर दारातच सांगेन — अक्का बाहेर गेली आहे. बाहेर गेली आहे, हे तरी खोटं नाही.

६ सप्टेंबर, सोमवार

पहाटे उठलो. सुमनबाई सोवळ्यात स्वयंपाकाला. खीर, वडे, कढी, कारल्याची भाजी, आमसुलाची चटणी. अक्काच्या फोटोला हार घातला. तिनं तो शाळेच्या गॅदरिंगला काढला होता, पोटापासून वर.

साडेअकराला सुरू झालं. पाटावर बाळाचार्य, उघडे, उपरणं मांडीवर. मी त्यांचे पाय धुतले. वादिराज सांगत होता तसं म्हणत होतो. श्राद्धाला बसलेला माणूस तेवढ्या वेळापुरता गेलेलं माणूसच असतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या वडिलांच्या, अप्पांच्या श्राद्धात मी अक्काला विचारलं होतं, हे भटजी आता अप्पा, तर मग मला ओरडणार का? तिनं मला चिमटा काढला होता. आज कुणी काढणारं नाही.

पान वाढलं. पाणी सोडायचं, तेवढ्यात दार वाजलं. पार्वती सिस्टर. अर्धा तास आधीच! पन्नाशीची, पांढरी साडी, खांद्याला पिशवी. मी दारात जाऊन उभा राहिलो. पण माझ्या अंगावर उपरणं, हातात दर्भ, मागं खिरीचा वास. ती कन्नडमध्ये बोलली, मी मराठीत लिहितो.

"अय्य! घरात श्राद्ध आहे का सर? आधी सांगायचं नाही का? माझी दीडची बस आहे. कुणाचं?"

"मोठ्या बहिणीचं," आतून वादिराज म्हणाला. "विमला मॅडमचं. आज वर्ष."

पार्वतीनं पिशवीतून कागद काढला. वाचला. फोटोकडे पाहिलं. परत कागद वाचला.

"विमला," ती म्हणाली. "हिला इंजेक्शन द्यायचंय."

सुमनबाई पळी हातात घेऊन दारात आल्या होत्या. मला वाटलं जमीन दुभंगली तरी मी त्यात मावणार नाही.

मग मी सगळं सांगून टाकलं. अर्ध्या अर्ध्या वाक्यात. मेधानं विचारलं, मी बरी आहे म्हणालो, मग वजनं, मग चिठ्ठ्या दोन. ताप मी आणला होता, हेही सांगितलं. ते कुणी विचारलं नव्हतं.

पार्वती कागदाची घडी घालत म्हणाली, "एकशे दहा किलो. मेधा मॅडम सगळ्या पेशंटना तुमच्या ताईचं उदाहरण देतात."

"दुसरं इंजेक्शन कुठे आहे?" बाळाचार्य पाटावरून म्हणाले.

"फ्रिजमध्ये," मी म्हणालो.

"आण."

"अप्पा!" वादिराज म्हणाला.

"ओरडू नकोस. आता इथे विमला कोण?" त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी ना? वस्त्र दिलं ते मी घेतलं. वडे वाढले ते मी खाणार. मग तिच्या नावानं आणलेलं इंजेक्शन कोण घेणार? फ्रिज?"

पार्वतीनं त्यांना वय विचारलं. बहात्तर. "वयाला योग्यच आहे," ती म्हणाली. बी.पी.? नाही. शुगर? "असती तर इथे बसलो असतो का?" मग तिला प्रश्न विचारणं भागच होतं — अंड्याची ॲलर्जी आहे का?

वादिराजनं कपाळाला हात लावला.

"अंड्याचा इथे काय संबंध?"

"लस अंड्यातून करतात अज्जा."

बाळाचार्य पानाकडे पाहत राहिले. मला वाटलं, संपलं. मग ते म्हणाले, "तोंडानं घेतलं तर खाणं. दंडानं कोण जेवतो?"

पार्वती म्हणाली, आधी सरांना देते, त्यांना मोठी सुई लागेल. तिनं ती वेगळी आणली होती.

मी म्हणालो, "आधी अक्काला द्या. मग मला."

हे मात्र पूर्ण वाक्यात म्हणालो.

मग वादिराजनं पाणी सोडायला लावलं, कारण उशीर होत होता. एकदा जेवण सुरू झालं की श्राद्धाला बसलेल्यानं बोलायचं नाही आणि डावा हात पानावरून उचलायचा नाही. पार्वतीला डावा दंडच हवा होता. "हात काढू नका अज्जा, तसाच राहू दे," ती म्हणाली आणि पाटाशेजारी उकिडवी बसली. बाळाचार्यांचा डावा हात पानाच्या कडेला, उजव्यात वडा. तिनं दंडाला कापूस लावला. त्यांनी डोळे गच्च मिटले. वडा तोंडात तसाच. सुई आत गेली तेव्हा पान थरथरलं, चटणी हलली, पण हात सुटला नाही. आवाज नाही. डोळ्याच्या कडेनं पाणी आलं तेवढंच.

आणि माझ्या तोंडून गेलं, "दुखलं का अक्का?"

वादिराज मंत्र म्हणायचा थांबला.

बाळाचार्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. बोलायचं नव्हतं. त्यांनी मान हलवली — नाही.

मग मी दंड पुढे केला. मोठी सुई. मला लागली. चांगलीच लागली.

पार्वतीनं कागद मांडीवर ठेवून लिहिलं. दत्तात्रेय — दिलं. विमला — दिलं. खाली सही. मी म्हणालो, हे तुम्ही कसं लिहिता? ती म्हणाली, "दिलं का नाही एवढंच लिहायचं असतं. बाकी सांगायचं काम तुमचं, सर." दारात फोटोला नमस्कार केला. सुमनबाईंनी तिला वड्यांचा पुडा दिला. दीडची बस तिला मिळाली असावी.

शेवटी बाळाचार्यांना विचारायचं असतं, पोट भरलं ना. विचारलं. "भरलं," ते म्हणाले. मग मी पिंडांना नमस्कार केला.

सगळे गेल्यावर माझं पान समोर घेतलं. खिरीचा वास घेतला, वड्याचा, कढीचा, कारल्याचा. मग पावडर पाण्यात ढवळून प्यालो. चॉकलेटसारखी मुळीच लागत नाही.

संध्याकाळी ताट मांडलं नाही. मांडायला काही नव्हतंच.

७ सप्टेंबर

दंड दुखतोय. बाळाचार्यांचा फोन आला. "माझाही दुखतोय! रात्री थोडी कणकणही होती. तुझी अक्का शाळेत वादिराजच्या हातावर पट्टी मारायची, आता माझ्यावर काढते आहे!" दुपारी परत फोन — कणकण गेली, पण घरी कुणाला सांगू नकोस, अंड्याचं.

११ सप्टेंबर, शनिवार

गणेश चतुर्थी. शेजारच्यांनी मोदक आणून दिले. वास घेतला. फार वेळ घेतला. मग मारुतीला नेऊन दिले.

एकशे तेहतीस. मेधा खूश. "आणि ताई?"

आज सांगायचं ठरवलं होतं. तिनं मध्येच म्हटलं, "दोघांनीही लस घेतली, सिस्टरनी कागद दिला. मला खूप बरं वाटलं काका!" फोन ठेवला. मी 'बरं' म्हणालो होतो.

१७ सप्टेंबर

बॅग भरली. दोन टॉवेल, लुंग्या, डायरी. सहीचा कागद परत वाचला. ते हजारात अमुकचं वाक्य आज नको वाटलं.

१९ सप्टेंबर, रविवार

सकाळी हॉस्पिटलच्या ऑफिसातून फोन. मेधा नाही, कुणी क्लार्क होता. उद्याचं ऑपरेशन रद्द. सर्जन अंथरुणाला खिळलेत. फ्लू! त्यांची स्वतःची लस घ्यायची राहून गेली होती म्हणे. मी हसलो. किती दिवसांनी, ते मोजलं नाही. तो बिचारा थांबला, मग म्हणाला, "दोघांनाही डिसेंबरची तारीख देतो सर. विमला आणि दत्तात्रेय. आता साधं जेवण चालेल, मऊ भातापासून सुरू करा असं मॅडमनी सांगितलंय."

मी म्हणालो, "विमला माझी मोठी बहीण. ती गेल्या वर्षी अठरा ऑगस्टला फ्लूनं वारली. तिचं नाव काढा. मेधाला मी स्वतः सांगणार आहे. आणि माझं एकट्याचं डिसेंबरच्या आधी होतं का, ते बघा."

तो म्हणाला, आधी होणार नाही. मी म्हणालो, मग डिसेंबर लिहा.

बॅग रिकामी केली. तांदळाचा डबा काढला. एक वाटी घेतली. दुसरी घेतली होती, ती परत डब्यात ओतली. तीन पाण्यांनी तांदूळ धुतले आणि कुकर लावला.